गोलरक्षक कधी काढायचा?

२ डिसेंबर १९९५. माँट्रियल फोरमवर डेट्रॉइट रेड विंग्जने यजमान कॅनेडियन्सचा ११-१ असा धुव्वा उडवला. त्यांपैकी नऊ गोल कॅनेडियन्सचा गोलरक्षक पॅट्रिक रुआवर झाले. एक सोपा फटका त्याने अडवला, तेव्हा प्रेक्षकांनी खोचक टाळ्या वाजवल्या. त्याने दोन्ही हात उंचावून उत्तर दिलं. आइस हॉकीत गोलरक्षक केव्हाही बदलता येतो, पण प्रशिक्षक मारिओ ट्रेंब्ले यांनी त्याला बाहेर बोलावलं ते नवव्या गोलनंतर. बाहेर येताच रुआने बाकामागे बसलेले क्लबचे अध्यक्ष रोनाल्ड कोरी यांना सांगितलं, की माँट्रियलसाठी हा आपला शेवटचा सामना. चारच दिवसांत त्याची रवानगी कोलोरॅडो अ‍ॅव्हलांच संघात झाली आणि त्याच मोसमात त्या संघाने स्टॅन्ली चषक जिंकला.

१९६५ साली क्युबेक सिटीत जन्मलेल्या रुआने माँट्रियलला १९८६ आणि १९९३ असे दोन चषक मिळवून दिले होते. पहिल्या वेळी तो अवघा वीस वर्षांचा होता. १९९३च्या बाद फेरीत कॅनेडियन्सनी जादा वेळेतले सलग दहा सामने जिंकले. त्या सर्व सामन्यांत जाळ्यापुढे तोच उभा होता.

गुडघ्यांवरची भिंत

आइस हॉकीचा गोल सहा फूट रुंद आणि चार फूट उंच. पक म्हणजे कडक रबराची चकती. ती बऱ्याचदा बर्फालगत येते. रुआ दोन्ही गुडघे टेकून पायांचे पॅड बाजूंना पसरायचा आणि गोलचा खालचा भाग बंद करायचा. ‘बटरफ्लाय’ म्हणून ओळखली जाणारी ही पद्धत ग्लेन हॉल आणि टोनी एस्पोझिटो यांनी आधी वापरली होती. प्रशिक्षक फ्रांस्वा अलेर यांच्यासोबत रुआने तिला शिस्त दिली. चपळाईइतकंच महत्त्व त्याने उभं राहण्याची जागा आणि कोन यांना दिलं. पुढच्या पिढीचे असंख्य गोलरक्षक याच वाटेने गेले. बाद फेरीतल्या सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्माइथ करंडक तीनदा जिंकणारा तो एकमेव. २००३ मध्ये तो निवृत्त झाला, तेव्हा साखळीतले ५५१ विजय हा विक्रम होता.

बाकामागून

२००५ मध्ये त्याने क्युबेक रेम्पार्ट्स या कनिष्ठ संघाची सूत्रं हाती घेतली. पहिल्याच मोसमात संघ मेमोरियल चषक जिंकला. २०१३ मध्ये तो कोलोरॅडोचा मुख्य प्रशिक्षक झाला. अलेरही तिथे आले. गोलरक्षक सिम्योन वार्लामोव्हने त्या मोसमात ४१ विजय मिळवले, संघाने ११२ गुण कमावले आणि रुआ वर्षातला सर्वोत्तम प्रशिक्षक ठरला.

त्या वर्षी चर्चा झाली ती त्याच्या एका धाडसाची. तेव्हा पिछाडीवरचा संघ अखेरच्या मिनिटाच्या आसपास गोलरक्षक काढून सहावा आक्रमक उतरवत असे. रुआ हे कितीतरी आधी करू लागला. हिशेब साधा आहे: एका गोलने हरलो काय किंवा दोन गोलने, पराभव तोच, बरोबरी साधली तर मात्र सामना जिवंत राहतो. एप्रिल २०१४ मध्ये बाद फेरीच्या मालिकेत मिनेसोटाविरुद्ध त्याने तीन मिनिटं शिल्लक असतानाच जाळं रिकामं केलं. शेवटची १३ सेकंद उरली असताना पॉल स्टॅस्टनीने बरोबरी साधली आणि जादा वेळेत त्यानेच विजयी गोल केला.

ती मालिका मात्र कोलोरॅडोने सातव्या सामन्यात गमावली. पुढचे दोन मोसम संघ बाद फेरीच्या बाहेर राहिला. निर्णयांत आपल्याला पुरेसा वाव नाही, असं सांगत रुआने ऑगस्ट २०१६ मध्ये राजीनामा दिला. मग तो कनिष्ठ संघाकडे परतला, २०२३ मध्ये पुन्हा मेमोरियल चषक जिंकला आणि जानेवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्क आयलँडर्सचा प्रशिक्षक झाला.

गोलरक्षक क्वचितच मुख्य प्रशिक्षक होतात. रुआची कारकीर्द या प्रथेला प्रश्न विचारते. दोन्ही संघांचे दहाही खेळाडू सतत नजरेसमोर असतात ते गोलरक्षकाच्याच. आक्रमण कुठे बांधलं जातं आणि बचाव कुठे फाटतो, हे तो वर्षानुवर्षं समोरून पाहतो. एवढा अनुभव केवळ गोलरक्षकांच्या सरावापुरता वापरणं ही संघांची उधळपट्टी आहे.