मनगटावरचं सोवळं-ओवळं

घड्याळांच्या दर्दी मंडळींत ‘फॅशन वॉच’ ही जवळजवळ शिवीच आहे. कुणाच्या मनगटावर मायकल कोर्स, अरमानी किंवा डीझेल दिसलं की पहिला प्रश्न ठरलेला: आत मशीन कुणाचं? उत्तर विचारणाऱ्याला पाठच असतं. ही तिन्ही नावं कपड्यांच्या दुनियेतली. त्यांची घड्याळं परवाना घेऊन बनवते अमेरिकेतली फॉसिल. अशा घड्याळांत मशीन बहुतेकदा साधं क्वार्ट्झ, पुष्कळदा सिटिझनच्या मियोटाचं.

मागचं झाकण उघडलं की कुचेष्टेचं कारण कळतं. डबा ऐसपैस, मशीन इवलंसं. ते हलू नये म्हणून भोवती प्लॅस्टिकचं कडं. मुरलेला जाणकार झाकणही उघडत नाही. तारखेची खिडकी कडेला नसून मध्याकडे सरकलेली दिसली, की डब्याच्या मानानं मशीन छोटं आहे हे त्यानं ताडलेलंच असतं. नजर पक्की आहे, यात वाद नाही.

पण मशीन घरचंच हवं ही कसोटी लावायची, तर भलेभले नापास होतात. अभिनेता पॉल न्यूमनचं रोलेक्स डेटोना २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात पावणेदोन कोटी डॉलरच्या वर गेलं. त्यातलं मशीन मुळात वॅलजूचं. पुढे १९८८ ते २००० या काळातल्या डेटोनात झेनिथचं मशीन होतं, रोलेक्सनं फेरफार केलेलं. ओदमार पिगेचं रॉयल ओक (१९७२) आणि पाटेक फिलिपचं नॉटिलस (१९७६) ही आज देवघरात ठेवायची घड्याळं; दोन्हींच्या पहिल्या मशीनचा पाया जेगर-लकूल्त्रचा. आणि कार्तिए? ते तर पॅरिसचे जवाहिरे. मुळात पहिल्या महायुद्धापर्यंत सभ्य पुरुषाचं घड्याळ खिशात असे आणि मनगटावर घालायचा तो बायकांचा दागिना समजत. म्हणजे मनगटी घड्याळ हीच एकेकाळची फॅशन!

वेळ अचूक दाखवण्याबद्दल तर दर्दींनी बोलूच नये. स्वित्झर्लंडमध्ये क्रोनोमीटरचं प्रमाणपत्र मिळवायला यांत्रिक घड्याळाला दिवसाला सरासरी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी मुभा असते. मियोटाचं साधं क्वार्ट्झ महिन्याला वीस सेकंदांच्या आत राहतं.

त्यांची खरी तक्रार भावाबद्दल आहे, आणि तिथे मी त्यांच्या बाजूचा. २०११ साली स्वीडनमध्ये निघालेल्या डॅनियल वेलिंग्टननं पातळ तबकडी आणि कापडी पट्ट्याचं घड्याळ इन्स्टाग्रामवरच्या लोकप्रिय चेहऱ्यांच्या हाती देऊन जगभर विकलं. घड्याळ देखणं, पण किमतीचा मोठा वाटा नावाचा. अशा घड्याळांवरचा मुलामा काही वर्षांत कडांवर उडतो आणि मशीन बिघडलं की दुरुस्त करत कुणी बसत नाही, सरळ नवं टाकतात. घेणाऱ्याला हे ठाऊक असेल तर त्याला हसायचं कारण उरत नाही. शर्टाला शोभेल असं घड्याळ हवं, एवढीच त्याची मागणी असते.

स्विस घराण्यांनाही तारलं ते अशाच घड्याळानं. जपानी क्वार्ट्झच्या तडाख्यात तिथले कारखाने धडाधड बंद पडत असताना १९८३ साली स्वॉच आलं: प्लॅस्टिकचा डबा, अवघे ५१ भाग, रंगीबेरंगी. ओमेगा आज स्वॉचच्याच समूहात आहे. २०२२ मध्ये ओमेगाच्या स्पीडमास्टरचा चेहरा स्वॉचच्या क्वार्ट्झवर बसवून २६० डॉलरला विकायला काढला, तेव्हा दुकानांबाहेर रांगा लागल्या. त्या रांगांत दर्दीही होते, बरं का.

आपल्याकडे घरोघरची एचएमटीही सिटिझनच्या तांत्रिक साह्यानंच सुरू झाली. टायटननं ऐंशीच्या दशकात क्वार्ट्झ आणलं आणि घड्याळ शोरूममध्ये दागिन्यासारखं मांडलं.

आणि मुंबईचा एक खास माल आहे. जुनी सेइको ५ किंवा एचएमटी सोडवायची, इकडचे-तिकडचे भाग जुळवायचे, तबकडी केशरी नाहीतर मोरपंखी रंगवायची आणि परदेशी गिऱ्हाइकाला विकायची. दर्दी त्याला नाक मुरडून ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. जुनं म्हणून नवा रंग खपवला तर ती फसवणूकच. पण रंगवलंय असं उघड सांगून विकलं, तरी नाकं मुरडलेलीच राहतात. मशीन मात्र यांत्रिक असतं, आणि तेही सेइकोच्या किंवा एचएमटीच्याच घरचं.