नारा येथील खांब

चिरंजीवांच्या नोकरीनिमित्त आमची मंडळी पांच वर्षें ओसाका येथें होती. त्या अवधींत, २०१४ सालीं, आम्हां उभयतांस तेथें दोन महिने राहण्याचा योग आला. पुढें मंडळी पुण्यास परतली, आणि २०१९ च्या एप्रिलांत नातवंडांस घेऊन तींच स्थळें पुन्हां पाहण्याचें ठरलें. या खेपेस मुलांची आजी बरोबर नव्हती; तिला जाऊन दीड वर्ष झालें होतें.

क्योतोचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील; तीं येथें देत नाहीं. मला अधिक लागलें तें नातवाचें जपानी विसरणें. सहाव्या वर्षीं तो शेजारच्या मुलांशीं त्या भाषेंत भांडत असे! जपानी अक्षरमाला अ, इ, उ, ए, ओ अशी सुरू होऊन पुढें क, स, त, न, ह, म, य, र, व या क्रमानें जाते. या मांडणीवर संस्कृत वर्णमालेच्या अध्ययनाची छाप आहे, आणि ती मी या गुरुजींकडूनच शिकलों होतों. आतां आगगाडींत तो फलकांकडे नुसता पाहत राही. "आजोबा, मला कांहींच येत नाहीं," म्हणून ओशाळला. नाराच्या स्थानकावर मात्र 'ना' आणि 'रा' हीं दोन अक्षरें त्यानें लाविलीं.

नारा येथील तोदाइजी मंदिरांत वैरोचन बुद्धाची सुमारें १५ मीटर उंचीची कांस्यमूर्ति आहे. ७५२ सालीं तिचा नेत्रोन्मीलनविधि झाला, तेव्हां डोळ्यांतील बाहुल्या रेखणारा कुंचला एका भारतीय भिक्षूच्या हातीं होता. बोधिसेन त्याचें नांव. तो ७३६ सालीं जपानांत पोंचला व ७६० सालीं तेथेंच वारला. विधीच्या पुण्यांत सर्वांस वाटा मिळावा म्हणून कुंचल्यास लांब दोर बांधून जमलेल्या मंडळींनीं ते धरले होते. पुढें भूकंप झाले, आगी लागल्या. आजचें मंदिर १७०९ चें असून मूळच्याहून अरुंद आहे. माझें मन तेथें दोन्ही वेळां भरून आलें. मुलांना बोधिसेनापेक्षां बाहेरचीं हरणें प्रिय, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे.

मूर्तीच्या मागील बाजूस एका लांकडी खांबाला तळाशीं आरपार भोंक आहे. तें मूर्तीच्या नाकपुडीएवढें आहे असें सांगतात, व त्यांतून पार होणारास बोधि प्राप्त होते अशी समजूत. २०१४ सालीं नातू त्यांतून सरपटत गेला, तेव्हां पलीकडे त्याची आजी पदर खोंचून बसली होती. "ये रे राजा, ये," म्हणत तिनेंच त्याला ओढून काढलें. आतां तो अकरा वर्षांचा. "मला तें आठवत नाहीं," असें त्यानें सरळ सांगितलें. मला, कां कोण जाणे, राग आला. पण मी बोललों नाहीं.

आमची पाळी आली. सहा वर्षांची नात आंत शिरली आणि मध्येंच अडकून रडूं लागली. सूनबाई अलीकडे, चिरंजीव छायाचित्रांत मग्न, पलीकडे कोणीच नाहीं, आणि मला गुडघ्यांमुळें खालीं बसवेना. इतक्यांत नातू वळसा घालून पलीकडे गेला, जमिनीवर पालथा पडला आणि हात आंत घालून म्हणूं लागला, "ये गं राणी, ये."

घरांत तिला 'राणी' कोणी म्हणत नाहीं.

नात बाहेर आली. रांगेंतील जपानी बायांनीं टाळ्या वाजविल्या. मीं त्याला कांहीं विचारलें नाहीं. बाहेर दोघांनीं हरणांसाठीं बिस्किटें मागितलीं. एरवीं मी एकच जुडी घेऊन देतों, त्या दिवशीं दोन घेतल्या.