लोखंडात लपलेला वायू

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. माझा थोरला भाऊ मालवणच्या किनाऱ्यावर वेल्डिंगची कामे करतो. त्याने एका ट्रॉलरच्या सुकाणूचा जाड दांडा सांधून दिला. सांधा सर्वांनी वाखाणला. पण दुसऱ्या दिवशी, ट्रॉलर पाण्यात उतरण्यापूर्वीच, सांध्याशेजारी केसासारखी चीर दिसली! मालकाने मजुरी दिली नाही. दादा एवढेच म्हणाला, "दमटलेली कांडी लोखंडाक खाता."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, आणि तोही कलाशाखेचा. तरी दादाच्या वाक्याचा अर्थ शोधण्यासाठी विज्ञानाची पुस्तके चाळली. जे उमगले ते मांडतो. चूकभूल प्राध्यापकांनी पोटात घालावी.

कांडीवरील लेप हवेतील ओलावा शोषतो. वेल्डिंगच्या प्रचंड उष्णतेत ते पाणी फुटते आणि हायड्रोजनचे अणू वितळलेल्या लोखंडात शिरतात. लोखंड निवले की त्यात हायड्रोजनला पुरेशी जागा उरत नाही. काही बाहेर पडतो, काही आतच अडकतो. धातूचे अणू ओळीने बसलेले असतात. पण कुठे ओळ चुकते, कुठे एखादी जागा रिकामी राहते. ओहोटीनंतर कातळाच्या खळग्यांत पाणी राहावे, तसा हायड्रोजन या जागी राहतो. जेथे ताण अधिक, तेथे तो हळूहळू जमतो. म्हणूनच चीर उशिरा पडते. १८७५ साली जॉन्सन या इंग्रज संशोधकाने दाखवून दिले की, आम्लात बुडवलेले लोखंड ठिसूळ होते आणि काही काळाने पुन्हा सावरते.

अडकलेल्याला सोडवण्याचा उपाय उष्णता. उथळ खळग्यातला अणू थोड्या उष्णतेने सुटतो. खोल खळग्यातल्यासाठी शेकडो अंश लागतात.

हायड्रोजनची भावंडेही अशीच वागतात. ड्यूटेरियम वजनाने दुप्पट, म्हणून चालीने मंद. तारापूरच्या ३ व ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्यांत ड्यूटेरियमचे जड पाणी वापरतात. तेथील झिर्कोनियमच्या नळ्यांत ते वर्षानुवर्षे थोडे थोडे मुरते आणि प्रमाण वाढले की धातू ठिसूळ होतो. १९८३ साली कॅनडातील पिकरिंग येथे अशी एक नळी फुटली होती. म्हणून नळीचा बारीक पापुद्रा खरवडून काढतात आणि तो तापवून सुटलेला वायू मोजतात. तिसरे भावंड ट्रिटियम किरणोत्सर्गी आहे, सुमारे १२.३ वर्षांत ते निम्मे होते. ते धातूत अडकले तर धोका निराळाच.

हे सारे मी दादाला सांगितले. मग कांड्यांच्या पाकिटावरचा इंग्रजी मजकूर वाचून दाखवला: सुमारे ३५० अंशांवर तासभर भाजाव्यात. दादा आजवर त्या नुसत्या चुलीजवळ ठेवी.

"ह्या आधी कोणी वाचून दाखवला नाय रे," तो म्हणाला.

आता त्याने जुनी छोटी भट्टी विकत घेतली आहे. पाकीट आले की आधी मला हाक मारतो.