साध्या सामानाची स्पोर्ट्स कार

इंग्लंडमधल्या ॲबिंग्डन गावी 1962 ते 1980 अशी अठरा वर्षे तयार होत राहिलेल्या एमजीबी या गाडीची एक ठरलेली कहाणी शौकिनांच्या तोंडी असते. आधी देखणी, चपळ, क्रोमच्या बंपरांची गाडी. मग अमेरिकेतले कायदे आणि मालक कंपनी ब्रिटिश लेलँडचे साहेब यांनी मिळून तिची लावलेली वाट. यात तथ्य आहे, पण एवढी वाट लागूनही तिच्या पाच लाख बारा हजारांहून अधिक प्रती खपल्या कशा, आणि कारखान्याला टाळे लागून चार दशके उलटली तरी ती रस्त्यावर कशी, याचा उलगडा त्यातून होत नाही. माझ्या मते तो तिच्या सामान्यपणात आहे. एमजीबी ही स्पोर्ट्स कारच्या वेषातली घरगुती गाडी होती, आणि ज्याला समीक्षक कायम नाक मुरडत आले तेच तिचे भांडवल ठरले.

तिचे इंजिन पाहा. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी-सिरीज’ घराण्यातले हे ओतीव लोखंडाचे, चार सिलिंडरचे इंजिन सेदान गाड्यांसाठी बनलेले. त्याच घराण्यातल्या 1489 सीसीच्या भावंडाने आपल्याकडे उत्तरपाड्याची ॲम्बॅसिडर वर्षानुवर्षे ओढली. लाल दिव्याच्या गाडीतून मंत्री-सचिव ज्या इंजिनाच्या जोरावर मंत्रालयात पोचत, त्याचाच बोअर वाढवून, 1798 सीसीपर्यंत फुगवून आणि दोन एसयू कार्ब्युरेटर लावून ॲबिंग्डनच्या मंडळींनी 95 अश्वशक्ती काढली. मागे अखंड ॲक्सल आणि पाटे, पुढची सस्पेन्शनची रचना जवळजवळ आधीच्या एमजीएची. नवे होते ते फक्त अंग. एमजीएला वेगळी चॅसिस होती. मुख्य अभियंता सिड एनेव्हर यांनी ती काढून टाकली आणि पत्र्याच्या कवचालाच सांगाडा केले. त्यामुळे व्हीलबेस 94 इंचांवरून 91 वर आला, तरी आत बसायची जागा उलट वाढली. छत नसलेल्या गाडीत कवचाला ताठ ठेवायचे काम दारांखालच्या पोकळ पेट्या, म्हणजे सिल, करतात. त्या इतक्या भक्कम होत्या की 1965 मध्ये वर छप्पर चढवून जीटी काढली तेव्हा खालचा सांगाडा मुळापासून बदलावा लागला नाही. म्हणजे बेतलेल्या पैशातला मोठा वाटा योग्य जागी गेला, आणि बाकी सगळे चालू सामान.

या अंगानेच पुढची अठरा वर्षे सोसली. खप अर्ध्याहून अधिक अमेरिकेत, म्हणून तिथला कायदा हाच गाडीचा खरा आराखडाकार झाला. समोरच्या काचेचा ठरावीक भाग पुसला गेलाच पाहिजे असा नियम आला. काच तर बुटकी, लांब वायपर बसेना. मग अमेरिकेला जाणाऱ्या गाड्यांवर एका ओळीत तीन छोटे वायपर आले. उपाय विनोदी दिसतो खरा, पण त्यासाठी काच बदलावी लागली नाही. 1974 च्या अखेरीपासून मात्र हसू मावळले. ताशी पाच मैलांच्या धडकेत दिवे शाबूत राहावेत म्हणून पोलादावर पॉलियुरेथेन चढवलेले अवजड काळे बंपर आले आणि बंपरची उंची जुळावी म्हणून सगळी गाडी दीड इंच वर उचलली गेली. त्यात भर म्हणजे बिनछताच्या रोडस्टरचा पुढचा अँटी-रोल बार काही काळ चक्क वगळला, त्यामुळे वळणावर गाडी झोकांड्या खाऊ लागली. प्रदूषणाच्या नियमांनी अमेरिकन आवृत्तीची ताकद साठीच्या घरात आणून ठेवली. आणि दोन वेगळ्या गाड्या बनवणे परवडत नसल्याने ब्रिटनच्या गिऱ्हाइकालाही तेच काळे बंपर मिळाले.

यावर हरकत घेतली जाते, आणि ती वजनदार आहे. कायदा सगळ्यांनाच लागू होता. मग 1969 मध्ये आलेल्या डॅटसन 240झेडने सहा सिलिंडर, ओव्हरहेड कॅम आणि चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन देऊन तोच अमेरिकन बाजार कसा मारला? सामान्यपणाचे कौतुक म्हणजे आळसाचे समर्थन नव्हे काय? माझे उत्तर असे की आळस झाला, पण तो आराखड्यात नव्हता, तिजोरीच्या किल्ल्या हाती असणाऱ्यांत होता. पुरावा ॲबिंग्डनमध्येच सापडतो. 1967 मध्ये याच अंगात जड सहा-सिलिंडर इंजिन कोंबून एमजीसी काढली. तिचे नाक जड झाले आणि दोन वर्षांत, जेमतेम नऊ हजार गाड्यांनंतर, ती गुंडाळली. तो धडा गिरवून 1973 मध्ये रोव्हरचे 3528 सीसीचे ॲल्युमिनियम व्ही-8 जीटीत बसवले. वजनाला ते जुन्या लोखंडी चार-सिलिंडरच्या आसपासच, ताकद 137. मुळात केन कॉस्टेलो हा माणूस आपल्या वर्कशॉपमध्ये हे आधीच करून विकत होता, तेव्हा कंपनीला जाग आली. एकदा बसल्यावर ते असे बसले की गाडी जणू त्यासाठीच केलेली. पण कंपनीने ती उजव्या स्टिअरिंगपुरतीच ठेवली. ज्या इंजिनाचा जन्म अमेरिकेत ब्यूकसाठी झाला, त्या इंजिनाची एमजीबी अमेरिकेतल्या शोरूमला मिळालीच नाही. 2591 गाड्यांवर 1976 मध्ये तो अध्याय संपला. आराखड्यात दम होता. पैसा त्याच कंपनीच्या ट्रायम्फ टीआर7 कडे गेला. सप्टेंबर 1979 मध्ये ॲबिंग्डनने एमजीच्या वास्तव्याची पन्नाशी साजरी केली आणि लगोलग कारखाना बंद करण्याची घोषणा झाली. महाग झालेला पौंड आणि प्रत्येक गाडीमागे 900 पौंडांचा तोटा हे कंपनीचे कारण. हिशेब खरा असेलही, पण वर्षानुवर्षे न गुंतवलेल्या पैशाचा त्यात उल्लेख नाही.

बंद पडल्यावरच तिच्या साध्या सामानाची किंमत कळली. इंजिनाचे भाग घराण्यातल्या इतर गाड्यांशी जुळणारे, कुठलेही काम साध्या पान्यांनी होणारे. राहता राहिला प्रश्न गंजाचा. एमजीबीच्या सिलना गंज आतून लागतो. वरून ताजा रंग चमकत असतो आणि आतला उभा पत्रा चाळण झालेला असतो. म्हणून जाणकार गिऱ्हाईक गाडी जॅकवर उचलतो आणि दार उघडून बंद करून पाहतो. ते अडकले, तर अंग वाकते आहे असे समजून काढता पाय घेतो. 1988 मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेजने जुनेच साचे गोळा करून त्यावर नवीकोरी अंगे काढायला सुरुवात केली, आणि मरणाचे ते कारणही दूर झाले. याच अंगाच्या आधारावर रोव्हरने 1992 मध्ये व्ही-8 इंजिनाची आरव्ही8 दाखवली. बनलेल्या सुमारे 2000 गाड्यांपैकी बहुतेक जपानला गेल्या. नव्या अंगावर बांधलेल्या एमजीबीचे सगळे भाग नवे असताना तिला जुनी गाडी म्हणायचे का, असा वाद शौकिनांत रंगतो. मला तो फुकाचा वाटतो, कारण दुसऱ्या गाड्यांचे सामान घेऊनच ती पहिल्या दिवशी बाहेर पडली होती.

आज बरेच मालक काळे बंपर उतरवून क्रोमचे लावतात आणि गाडी पुन्हा दीड इंच खाली बसवतात. दिसायला ती खुलते, यात शंका नाही. पण 1977 च्या मॉडेलपासून अँटी-रोल बार पुढे परत आला होता आणि मागेही नवा बसला होता. त्यामुळे ज्यांना मिरवण्यापेक्षा चालवण्यात रस आहे, त्यांच्यासाठी शेवटच्या वर्षांतली, बाजारात अजूनही तुलनेने स्वस्त मिळणारी ती कुरूप काळ्या नाकाची गाडीच जास्त फायद्याची आहे.