मत्स्यपेटीची गाळणी

घरांत मासे पाळण्याची हौस अलीकडे बरीच वाढली आहे. पेटी घेतांना तिची कांच, झांकण, दिवे ह्यांची चिकित्सा सर्वजण करतात. गाळणीचा विचार मात्र शेवटीं, आणि तोही दुकानदाराच्या सांगण्यावरून होतो. आमच्या घरींही तसेंच घडलें व त्याचें प्रायश्चित्त आम्हांस मिळालें, म्हणून हे चार शब्द.

आमच्या बैठकींतील पेटी चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच आहे. म्हणजे नऊ घनफूट, सुमारें २५५ लिटर पाणी. तींत नऊ गोल्डफिश होते. गेल्या वर्षीं एके रविवारीं आम्हीं गाळणीचा स्पंज काढून नळाखालीं स्वच्छ होईपर्यंत धुतला. विद्यार्थ्यांस जन्मभर स्वच्छतेचा पाठ दिलेला. त्याच अभिमानानें धुतला. आठवड्याच्या आंत पांच मासे मेले. ज्या घरांत मासा कधीं शिजला नाहीं, त्या घरांत हें आमच्या हातून व्हावें! धाकट्या नातीनें विचारलें, "आजोबा, पाणी तर स्वच्छ दिसतंय, मग ते मेले कां?" त्या दिवशीं आम्ही निरुत्तर झालों.

उत्तर असें आहे. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतो. उरलेलें अन्न व विष्ठा कुजूनही तोच उत्पन्न होतो. पाण्यांत विरघळलेल्या अमोनियास रंग नाहीं, म्हणून विषारी पाणीही स्फटिकासारखें दिसूं शकतें. सूक्ष्म जंतूंचा एक वर्ग अमोनियाचें नायट्राइट करतो व दुसरा नायट्राइटचें नायट्रेट. पहिलीं दोन्ही घातक. नायट्रेट त्या मानानें सौम्य असून थोडें थोडें पाणी बदलल्यानें कमी होतें. विनोग्राड्स्की ह्या रशियन शास्त्रज्ञानें १८९० च्या सुमारास ह्या जंतूंचें कार्य उलगडलें. हे जंतू स्पंजाच्या छिद्रांत बिऱ्हाड करून राहतात आणि नळाच्या पाण्यांतील क्लोरीन त्यांचा संहार करतो. आम्हीं मोरींत वाहविली ती केवळ घाण नव्हे. माशांचे रक्षकच आम्हीं वाहवून दिले.

तात्पर्य, गाळणी म्हणजे गाळ धरणारें फडकें नव्हे, तें जंतूंचें घर होय. ह्या दृष्टीनें तिचे प्रकार पाहावे. हवेच्या पंपावर चालणारी स्पंजाची गाळणी स्वस्त व निरुपद्रवी. परंतु मोठ्या पेटीस एकटी अपुरी. कांठावर टांगावयाची गाळणी धुण्यास सोपी, पण तिच्या पोटांत जागा थोडी. कॅनिस्टर हा पेटीखालच्या कपाटांत ठेवावयाचा बंद डबा; त्यांत जागा पुष्कळ व आवाज अल्प, मात्र उघडण्याची कटकट म्हणून लोक तो महिनोमहिने उघडीत नाहींत. संप म्हणजे खालीं ठेवलेली दुसरी पेटीच. ती सर्वांत समर्थ. परंतु वीज जातांच वरचें कांहीं पाणी खालीं उतरतें. तेवढी रिकामी जागा राखली नाहीं, तर बैठकींत पूर येतो.

पेटींतील पाण्याच्या चौपट ते सहापट पाणी गाळणींतून तासाला फिरावें, असा सामान्य नियम आहे. आमच्या पेटीस तें सुमारें १००० ते १५०० लिटर होतें. खोक्यावरचा आंकडा बहुधा रिकाम्या यंत्राचा असतो. स्पंज भरल्यावर प्रवाह मंदावतो, म्हणून वरचा आंकडा धरणें बरें.

आमच्या थोरल्या चिरंजीवांस संप हवा होता, धाकट्यांस कॅनिस्टर. वाद रंगला असतां सूनबाई एवढेंच म्हणाल्या, "मामंजी, धुणार कोण तें आधीं ठरवावं." खरोखर निवडीचें मर्म ह्याच प्रश्नांत आहे. आम्हीं तें काम पत्करलें व आमच्या हातांस झेपेल असा कॅनिस्टर घेतला. वीज बराच वेळ गेल्यास बंद डब्यांतील जंतू प्राणवायूवांचून मरूं लागतात. म्हणून सोबत स्पंजाची एक गाळणी व तिला बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जोडला. नवी गाळणी जुनीबरोबर सहा आठवडे चालविली, आणि मगच जुनी काढली; कारण जंतूंची वस्ती एका रात्रींत होत नाहीं.

आतां पेटींतलेंच पाणी बादलींत काढून त्यांत स्पंज हलकेच पिळतों, तोही एका वेळीं अर्धाच. तो पांढरा होत नाहीं, व होऊंही नये. बादली नात धरते. उरलेले चारही मासे सुखरूप आहेत.