‘कॅश दिली तर कमी करून देतो...’

बीड बायपासवरच्या लॉन्सपासून सिडकोतल्या डेकोरेटरच्या चकाचक ऑफिसपर्यंत कुठंही जा, लग्नाची बोलणी पाचव्या मिनिटाला एकाच प्रश्नावर येऊन थांबतात : ‘बिल पाहिजे का?’ तुम्ही जरा घुटमळलात की लगेच पुढचं वाक्य. ‘नाही, म्हणजे सगळी कॅश आधीच दिली तर कमी करून देतो.’

आणि आपण खूश! पगार थेट खात्यात येतो, टपरीवरच्या कटिंगचे पैसेही आपण क्यूआर कोड स्कॅन करून देतो. पण लग्न म्हटलं की तोच शेंद्रा-वाळूजला जाणारा इंजिनीअर एटीएमच्या चकरा मारायला लागतो. वर मामांची शाबासकी : ‘पोरगं व्यवहाराला पक्कं निघालं!’

यंदा माझ्या मावसभावाचं लग्न आहे. घरातली ‘पत्रकार’ म्हणून कोटेशन गोळा करायची ड्यूटी माझ्याकडे आली. सगळीकडे हीच ऑफर ऐकून ऐकून एक गोष्ट लक्षात आली. ही एक ऑफर नाहीच, तीन आहेत. रोख द्या, आधी द्या आणि बिल मागू नका. तिन्ही गोष्टी एकाच पुडीत बांधून दिल्या जातात आणि आपण पुडी सोडून न बघताच खिशात टाकतो.

म्हणून एका केटररचा हिशेब घरी बसून मांडला. चारशे ताटं, ताटाला ४५० रुपये. म्हणजे १,८०,०००, वर पाच टक्के जीएसटीचे ९,०००. एकूण १,८९,०००. चार महिने आधी सगळी रोख, बिनबिलाची दिली तर ताट ४०० ला, म्हणजे १,६०,०००. वाचले २९,०००. सही ना?

आता हे २९,००० कुठून आले ते बघा. नऊ हजार सरकारचे. उरलेले वीस हजार केटरर स्वतःच्या खिशातून सोडतोय, आणि तो काही तुमचा मामा नाही. सीझनमध्ये त्याला किराणा, गॅस, वाढप्यांची मजुरी सगळं रोख लागतं. बाहेरून शेकडा दोननं पैसे उचलायचे तर इसार सोडून उरलेल्या सव्वा लाखाचं चार महिन्यांचं व्याजच दहा हजार होतं. ते तुम्ही वाचवलंत. म्हणजे तुम्ही त्याचे सावकार झालात, फक्त तारण न घेता! तुमच्या पैशांतून आदल्या महिन्यातल्या कुणाच्या तरी लग्नाची भाजी आलेली असते, आणि तुमच्या लग्नाची भाजी पुढच्या गिऱ्हाइकाच्या पैशांतून यायची असते. ही साखळी चालू आहे तोवर सगळं झकास.

उरलेले दहा हजार? ते तुमच्या गप्प बसण्याचे. तिसऱ्या पंगतीला मठ्ठा संपला, ठरलेल्या दोन भाज्यांची एकच झाली, तर तुम्ही कशाच्या जोरावर बोलणार? एरवी हातात शेवटचा हप्ता असतो. इथं तोही देऊन झालेला.

साखळी तुटली की काय होतं ते आमच्या घरानं बघितलंय. मावसबहिणीचं लग्न एप्रिल २०२० च्या शेवटच्या आठवड्यात होतं. २५ मार्चला देशभर लॉकडाऊन लागला. कार्यालयाची पक्की पावती होती. तिथं थोडी हुज्जत झाली, पण रक्कम पुढच्या तारखेला वळती झाली. डेकोरेशनवाल्याला मात्र ‘कॅश डिस्काउंट’ घेऊन सगळे पैसे दिलेले आणि पुरावा काय, तर डायरीच्या पानावर पेन्सिलनं लिहिलेला आकडा. जूनपर्यंत त्याचा फोन लागत होता, नंतर तोही बंद. माणूस लबाड होता असं मला आजही वाटत नाही. त्याचंही दिवाळं निघालं असणार. पण काकांचे पैसे गेले ते गेलेच. लग्न शेवटी २०२१ मध्ये झालं, तेही २५ माणसांत आणि दोन तासांत. त्या एप्रिलमध्ये राज्य सरकारनं नियमच तसा केला होता, मोडला तर ५०,००० दंड.

खरं तर कायदा अशा वेळी आपल्या बाजूनं आहे. करार पूर्ण होणं अशक्य झालं तर आधी घेतलेला फायदा परत करायचा, हे १८७२ च्या करार कायद्यातच आहे. पण पैसे दिले होते हे सिद्ध कसं करणार?

त्याआधी नोव्हेंबर २०१६ मध्येही चिठ्ठीवाल्यांची अशीच पंचाईत झाली होती. नोटबंदी ऐन सीझनमध्ये आली. लग्नघराला खात्यातून अडीच लाखांपर्यंत काढता येतील असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलं, पण पुरावा म्हणून लग्नपत्रिकेबरोबर मागितलं काय, तर कार्यालयाच्या, केटररच्या अ‍ॅडव्हान्सच्या पावत्या! पक्क्या पावतीची किंमत तेव्हा कित्येक वरबापांना पहिल्यांदा कळली असेल.

आता रोखीबद्दल. नुसती रोख म्हणजे पाप नव्हे. मेंदीवाली, सनई-चौघडेवाले, भटजीबुवा यांना रोख द्या, बिनधास्त द्या. सेवा देणाऱ्याची उलाढाल वर्षाला वीस लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागतही नाही, त्यामुळे तिथं कर चुकवायचा प्रश्नच येत नाही. बस्त्याचंही तसंच. गुलमंडी-औरंगपुऱ्यात कॅश देऊन साड्यांवर सूट मिळत असेल तर जरूर घ्या. गठ्ठा त्याच दिवशी तुमच्या घरी येतो, शिल्लक काही राहत नाही. बदलून घ्यायची वेळ येते म्हणून बिल तेवढं सांभाळा. भीती आहे ती आज पैसे आणि चार महिन्यांनी काम, अशा ठिकाणी.

मोठ्या रकमेला मात्र थेट कायदा आडवा येतो. १ एप्रिल २०१७ पासून एकाच प्रसंगासाठी एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. ‘दीड लाख साखरपुड्याला घ्या, एक लाख हळदीला’ अशी फोड करूनही सुटका नाही, लग्न एकच धरलं जातं. दंड जेवढी रक्कम तेवढा, आणि तो घेणाऱ्याला. म्हणूनच मोठ्या व्यवहारात तुम्हाला कागद मिळत नाही, कारण तो कागद त्याच्याच विरुद्धचा पुरावा असतो.

मग घासाघीस करायचीच नाही? करायची की! फक्त पुडी सोडून. आम्ही त्या केटररला म्हटलं, इसारापेक्षा जास्त देतो, निम्मे महिनाभर आधी देतो, पण खात्यावर आणि पावतीसह. उरलेले पंगती उठल्यावर. तो ४२५ वर आला, अधिक जीएसटी. बिनबिलाच्या रेटपेक्षा १८,५०० जास्त पडले. मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मला तो सौदा आजही महाग वाटत नाही.

जिथं रोखच द्यावी लागते तिथं पावती घ्या : नाव, तारीख, रक्कम, काम काय, कधी. पाच हजारांच्या वर असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून सही. ठरलेलं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा आणि समोरच्याचं ‘ओके’ येऊ द्या. मंडप आणि फोटोग्राफीवर १८ टक्के जीएसटी लावला असेल तर बिलावर पंधरा अक्षरांचा जीएसटी नंबर आहे ना, तेही तपासा. नंबर नाही आणि कर मात्र लावलाय, असे नग भेटतात! आणि बिल द्यायलाच नकार दिला तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ती अनुचित व्यापारी प्रथा आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. हेल्पलाइन १९१५.

राहता राहिला फोटोग्राफर. त्याला तर सगळे पैसे आधी देऊच नका, अगदी सख्खा मित्र असला तरी. माझ्या एका मैत्रिणीनं दिले होते. तिच्या मुलाचं बारसं झालं, अल्बम अजून ‘डिझायनिंगला’ आहे.