माथेरानच्या गाडीची दुरुस्ती : काय जपावे, काय बदलावे?



दिवाळीची सुट्टी संपली की कोयनानगरच्या शाळांत सहलीची चर्चा सुरू होते. बाहेरगावची मुले धरण आणि नेहरू उद्यान पाहायला येथे येतात. येथल्या मुलांच्या ते रोजच्या पाहण्यातले. त्यांना दूरचे काही हवे असते. अशाच एका चर्चेत माथेरानच्या छोट्या गाडीचे नाव निघाले आणि वर्गात दोन तट पडले. एका गटाला त्या गाडीचे भारी प्रेम. ‘सर, तिला पुन्हा वाफेचे इंजिन लावतील का हो?’ हा त्यांचा प्रश्न. दुसरा गट संशयी. ‘शंभर वर्षांपूर्वीची गाडी. मधून मधून बंद पडते, मग दुरुस्त झाली म्हणतात. दुरुस्त झाली म्हणजे नक्की काय झाले?’

दोन्ही प्रश्न चांगले आहेत, पण मला दुसरा जास्त आवडला. त्याचे उत्तर तुमच्या भौतिकीच्या पुस्तकातच बरेचसे सापडते. चला तर, शोधू या.

प्रथम गाडीची थोडी ओळख. नेरळ ते माथेरान हा लोहमार्ग अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०४ ते १९०७ या काळात बांधला. खर्च आला सुमारे १६ लाख रुपये. दोन रुळांमधील अंतर फक्त ६१ सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या दोन फुटपट्ट्या एकापुढे एक ठेवल्या तर जेमतेम एवढेच. नेरळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४० मीटर उंचीवर, माथेरान सुमारे ८०० मीटरवर. मधला मार्ग साधारण २१ किलोमीटरांचा, डोंगराला वळसे घेत जाणारा. १९८२ पर्यंत येथे वाफेची इंजिने धावली, नंतर डिझेलची आली. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेला. तो २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. मे २०१६ मध्ये थोड्याच दिवसांत दोनदा डबे रुळांवरून घसरले आणि गाडी थांबवली गेली. २०१७ च्या अखेरीपासून ती टप्प्याटप्प्याने परत धावू लागली. २०१९ च्या पावसाने पुन्हा मार्ग उखडला. नेरळहून थेट माथेरानला जाणारी गाडी त्यानंतर ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. चाहत्यांची आशा आणि संशयी मुलांची शंका, दोन्ही या इतिहासातूनच आल्या आहेत.

विसात एक

या मार्गावर काही ठिकाणी १:२० चा चढ आहे. वीस मीटर पुढे गेले की एक मीटर वर. पायी चालणाऱ्याला हा चढ किरकोळ वाटेल, पण रेल्वेला तो फार होतो. मुंबई-पुणे मार्गावरील बोरघाटात चढ १:३७ चा आहे आणि तेवढ्यासाठीही गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात.

असे का? लोखंडी रुळावर लोखंडी चाक सहज गडगडते, म्हणून तर रेल्वे स्वस्तात ओझे वाहते. पण जे चाक सहज गडगडते ते सहज घसरतेही. कोरड्या रुळावर चाक आणि रूळ यांमधील घर्षणांक ०.२५ ते ०.३० असतो. रूळ ओला झाला की तो बराच उतरतो. त्यावर झाडाची पाने पडून चाकाखाली चिरडली गेली तर बुळबुळीत थर तयार होतो आणि घर्षणांक कधी कधी ०.०५ च्याही खाली जातो. माथेरानच्या दाट झाडीत पानांना काय तोटा!

आता एक गणित करू. आकडे सोयीसाठी घेतले आहेत. समजा, इंजिन १० टनांचे आहे आणि डबे २० टनांचे. १:२० च्या चढावर एकूण ३० टनांच्या विसाव्या हिश्श्याएवढे, म्हणजे दीड टन वजनाएवढे बल गाडीला मागे ओढते. हे सारे बल इंजिनाच्या १० टनांनी, आपल्या चाकांच्या पकडीवर, पेलायचे. दीड भागिले दहा म्हणजे ०.१५. एवढा घर्षणांक केवळ चढासाठीच हवा. वळणावरचा आणि चाकांचा विरोध निराळा. कोरड्या दिवशी हे जमते. पावसात इंजिनाची चाके जागच्या जागी फिरू लागतील. म्हणूनच डोंगरातली इंजिने वाळूची पेटी बाळगतात आणि चाकापुढे रुळावर वाळू सोडतात. नेरळ ते अमन लॉज हा लांब पल्ला पावसाळ्यात बंद ठेवतात, त्याचेही एक कारण तुम्हाला आता सांगता येईल. दुसरे कारण पुढे येणारच आहे.

उतरताना

चढताना चाके घसरली तर गाडी अडेल, प्रवासी वैतागतील, एवढेच. उतरताना घसरली तर? खरी परीक्षा उताराचीच आहे.

त्याच ३० टनांच्या गाडीची माथेरानला असलेली स्थितिज ऊर्जा नेरळच्या तुलनेत किती जास्त? वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची, म्हणजे ३०,००० × ९.८ × ७६०. सुमारे २२ कोटी ज्यूल. एवढ्या ऊर्जेत साधारण ७०० लिटर थंड पाणी उकळीला येईल. कोयनेचे पाणी जवळजवळ पावणेपाचशे मीटर खाली पोफळीला उतरते तेव्हा त्याची ऊर्जा टर्बाइन फिरवते, आपल्या घरातला दिवा लावते. मुंबईच्या नव्या विजेच्या लोकलगाड्याही ब्रेक लावताना थोडी वीज तारेत परत पाठवतात. माथेरानच्या गाडीला ही सोय नाही. तिची जवळजवळ सगळी ऊर्जा घर्षणाने उष्णतेत जाते, आणि त्यातला मोठा वाटा ब्रेकचे ठोकळे पचवतात.

आता पाहा, ब्रेक फक्त इंजिनाला असतील तर पुन्हा तोच हिशोब : ०.१५ ची पकड हवी. पण प्रत्येक डब्याच्या प्रत्येक चाकाला ब्रेक असेल तर ३० टनांचे सगळे वजन पकडीला लागते आणि ०.०५ पुरते. तीन पटींचा फरक! म्हणूनच या गाडीच्या डब्यांवर पूर्वी ब्रेकवाले कामगार असत. इंजिनाच्या शिट्टीच्या खुणेवर ते हाताने चाक फिरवून आपापल्या डब्याचा ब्रेक आवळीत. दृश्य मोठे रम्य, पण माणसाला शिट्टी ऐकू यायला, समजायला आणि हात चालवायला वेळ लागतो. शिवाय सगळ्यांचे हात एकाच क्षणी, सारख्याच जोराने चालत नाहीत.

२०१६ च्या अपघातांनंतर डब्यांना हवेचे ब्रेक बसवले गेले. माझ्या मते या गाडीच्या अलीकडच्या इतिहासातली ही सर्वांत महत्त्वाची सुधारणा. छायाचित्रात मात्र ती दिसत नाही, म्हणून तिच्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही. हवेच्या ब्रेकची खुबी समजून घेण्यासारखी आहे. सर्वसाधारण समज असा, की चालक हवा सोडतो आणि त्या हवेच्या जोराने ब्रेक लागतात. खरी रचना उलटी आहे. गाडीच्या लांबीभर एक नळी असते आणि तिच्यात दाबाखालची हवा भरलेली असते. तो दाब कायम आहे तोवर ब्रेक सुटलेले राहतात. दाब कमी झाला, की प्रत्येक डब्याखालच्या टाकीतली हवा ब्रेकच्या पंचपात्रात शिरते आणि ठोकळे चाकांवर दाबले जातात. समजा, दोन डब्यांमधली सांधणी तुटली. नळीही तुटणार, हवा निघून जाणार आणि सुटलेले डबे आपोआप थांबणार. बिघाड झाला तर यंत्राने सुरक्षित बाजूला बिघडावे, असा हा विचार. अमेरिकेतील जॉर्ज वेस्टिंगहाउसने ही युक्ती १८७२ मध्येच अमलात आणली होती.

वळणाचा हिशोब

मोटारीची मागची दोन चाके वळणावर वेगवेगळ्या गतीने फिरू शकतात. रेल्वेची दोन चाके एकाच आसावर घट्ट बसवलेली असतात, त्यामुळे ती सारखेच फेरे घेतात. बाहेरच्या चाकाला मात्र जास्त अंतर जायचे असते. किती जास्त? गाडीने पूर्ण अर्धवर्तुळ घेतले तर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा π गुणिले रुळांमधील अंतर एवढा लांब असतो. म्हणजे ३.१४ × ०.६१, सुमारे १.९ मीटर. गंमत म्हणजे वळणाची त्रिज्या काहीही असो, हा फरक तेवढाच! चाके किंचित शंकूच्या आकाराची केली की सौम्य वळणावर तो भरून निघतो. तीव्र वळणावर मात्र चाक घासत, किंचाळत जाते आणि चाकाची कड व रुळाची बाजू दोन्ही झिजतात. झिजलेली कड रुळावर चढली, की डबा घसरलाच. तेव्हा ‘गाडी दुरुस्त झाली’ असे कोणी म्हटले, तर ‘कडा मोजल्या का?’ हा आपला पहिला प्रश्न असावा.

वेगाचाही संबंध आहेच. २० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी १२ किलोमीटर वेग असेल तर केंद्राकडचे त्वरण सुमारे ०.५५ मीटर प्रतिसेकंद-वर्ग येते. वेग दुप्पट केला की ते चौपट होते. अरुंद मार्गावर डब्याचा पाया मुळात लहान, त्यामुळे तो कलंडायला कमी बल पुरते. गाडी रमतगमत जाते ती केवळ निसर्ग दाखवण्यासाठी नव्हे.

पण वाफेचे इंजिन?

आता चाहत्यांकडे वळू. माझा एक पाय त्यांच्याच गटात आहे, हे लपवत नाही. जर्मनीतील ओरेनश्टाइन आणि कोपेल या कारखान्याची ती जुनी सहाचाकी इंजिने म्हणजे यंत्रशास्त्राचा सुंदर नमुना. त्यांच्या पुढच्या व मागच्या चाकांना पोकळ आस होता. आतला दांडा सरळ राही आणि बाहेरची पोकळ नळी मध्यावरच्या गोलाभोवती थोडी वळे. त्यामुळे चाके वळणाप्रमाणे तिरकी होत, पण त्यांना जोडणारे दांडे सरळच चालत. अशी इंजिने पुन्हा चालावीत असे कोणाला वाटणार नाही? २००१ मध्ये दार्जिलिंगचे एक वाफेचे इंजिन माथेरानच्या मार्गावर आणलेही होते.

अडचण कोठे आहे ते पाहा. बाष्पित्रातील पाण्याने भट्टीवरचा पत्रा सतत झाकलेला असावा लागतो. उघडा पडला तर तो तापून मऊ होतो आणि स्फोट होऊ शकतो. तीन मीटर लांबीचे बाष्पित्र १:२० च्या चढावर तिरके झाले, की दोन टोकांच्या पाण्याच्या पातळीत १५ सेंटिमीटरांचा फरक पडतो. चढ संपून उतार लागला की फरक उलटा होतो. हे सतत सांभाळणारे फायरमन हवेत, आणि शंभर वर्षांच्या पत्र्याच्या जाडीची खात्री हवी. काम अशक्य नाही, परंतु ते महाग आणि सावकाशीचे आहे. अलीकडे डिझेल इंजिनालाच वाफेच्या इंजिनाचा वेष चढवण्याचा प्रयोग झाला. काही चाहत्यांना ती फसवणूक वाटते. मला ती बहुरूप्याची गंमत वाटते, गंमत म्हणूनच घ्यावी. काचेच्या छताचा आणि वातानुकूलित डबा यांविषयीही असेच म्हणता येईल. पण बसण्यापूर्वी डब्याचे वजन किती वाढले, गुरुत्वमध्य किती वर गेला, हे मला कोणी सांगितले तर बरे वाटेल.

आता राहिला पाऊस. २००५ आणि २०१९ मध्ये मार्ग बंद पडला तो गाडीच्या दोषाने नव्हे. डोंगरावरून आलेल्या पाण्याने रुळांखालची खडी आणि भराव धुऊन नेला. भरावात पाणी साचले की मातीच्या कणांमधला दाब वाढतो, त्यांची एकमेकांवरील पकड सुटते आणि उतार खचतो. म्हणून नुसती पक्की भिंत बांधून भागत नाही. पाणी तिच्यामागे अडून राहते. तारेच्या जाळीत दगड भरून केलेले बांध अशा जागी बरे, कारण ते मातीला धरतात आणि पाण्याला जाऊ देतात. चर आणि मोऱ्या साफ असणे हे तर इंजिनाच्या रंगापेक्षा शंभर पटींनी महत्त्वाचे.

‘जुने ते जुनेच, त्याचा भरवसा काय?’ असे म्हणणाऱ्या कोयनानगरच्या मुलांनी मात्र जरा खिडकीबाहेर पाहावे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा १०३ मीटर उंचीच्या धरणाला वरच्या भागात भेगा पडल्या. जेथे भिंतीची जाडी एकदम कमी होते नेमक्या त्या पातळीजवळ, कारण आकार जेथे अचानक बदलतो तेथे ताण एकवटतो. भेगा रसायनाने भरल्या, पोलादी तारांचे दोर ताणून बसवले. पण तेवढ्यावर न थांबता पुढे धरणाच्या मागच्या अंगाला काँक्रीटचे जाड टेकू देऊन तो दुबळा आकारच बदलला. सांडव्याच्या भागाचे मजबुतीकरण त्यानंतर कितीतरी वर्षांनी, या शतकात झाले. भेग बुजवणे आणि भेग का पडली ते कारण काढून टाकणे, ही दोन वेगळी कामे आहेत. माथेरानच्या गाडीला हवेचे ब्रेक लावणे हे दुसऱ्या जातीचे काम. डबे रंगवणे पहिल्या जातीचेही नाही!

सहलीला जाण्यापूर्वी वर्गात एक प्रयोग करून पाहा. ३० सेंटिमीटरची पोलादी पट्टी घ्या, तिच्या एका टोकाशी रुपयाचे नाणे ठेवा आणि ते टोक दीड सेंटिमीटर उचला. हाच १:२० चा चढ. नाणे जागचे हलणार नाही. आता टोक हळूहळू वर न्या आणि नाणे सुटेल त्या क्षणी पट्टीच्या टोकाची उंची मोजा. तिला पट्टीच्या टेबलावरील आडव्या अंतराने भागले, की घर्षणांक मिळतो. मग पट्टी ओली करा, साबणाचे पाणी लावा, शेवटी एखादे हिरवे पान तिच्यावर चांगले चोळा, आणि दर वेळी नवा आकडा वहीत लिहा. प्रत्येक मापन निदान पाच वेळा करून सरासरी घ्यावी. शिक्षकांनी तेवढा आग्रह जरूर धरावा.